नाव न घेता

मुंगी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी सतत काही ना काही उचलून या खोलीतून त्या खोलीत नेत असायची, म्हणून आईने ठेवलेलं. आता ती चोवीस वर्षांची होती, कृत्रिम डोळे बनवणाऱ्या एका छोट्या कार्यशाळेत कामाला होती, आणि तरीही मालकांपासून चर्चच्या पाळकांपर्यंत सगळे तिला मुंगीच म्हणत.

कार्यशाळा म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत एक आरामखुर्ची, एक आरसा आणि उत्तरेकडची मोठी खिडकी. मागच्या खोलीत छोटी भट्टी, पॉलिशचं चाक आणि उथळ खणांचं कपाट. प्रत्येक खणात कापसावर ओळीने मांडलेले डोळे. मालकांना ती काका म्हणायची. नात्याने ते तिचे कुणी नव्हते, पण त्या माणसाला दुसरं काही म्हणणं जमलंच नसतं. "आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकत आलोय," ते नव्या माणसाला सांगायचे, "आणि लोकच म्हणतात, काका, अजून थोडी फेका." हा विनोद मुंगीने दोनशे वेळा तरी ऐकला असेल. दर वेळी ती हसायची, कारण खुर्चीतला माणूस तो ऐकून पहिल्यांदाच खांदे सैल सोडायचा.

मुंगीचं काम बारीक होतं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर केसाहूनही बारीक लाल रेशमी धागे चिकटवायचे, म्हणजे शिरा दिसतात. मग खिडकीच्या उजेडात माणसाच्या शाबूत डोळ्याकडे बघत बघत बुबुळ रंगवायचं. हात चालू असताना ती मनातल्या मनात प्रार्थना करायची. ज्याचा डोळा हातात असेल त्याच्यासाठी. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. अनोळखी माणसांसाठी मागणं तिला सोपं जायचं. अडायचं ते एकाच नावाशी. ते नाव घेतलं की घशात काटा अडकल्यासारखं व्हायचं आणि पुढचे शब्दच पळून जायचे.

ते नाव ताईचं होतं.

ताई तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. आई आजारी पडली तेव्हापासून ताईनेच घर अंगावर घेतलं होतं. बाबा बस चालवायचे. त्यांची पहिली फेरी पहाटे असायची. ते निघून गेले की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघी बहिणी बसायच्या, ताई पवित्र शास्त्रातला एक उतारा वाचायची आणि मग दोघी प्रार्थना करायच्या. मुंगीला बसल्या बसल्या डुलकी लागायची. ताई टेबलाखालून तिच्या पायाला पाय मारायची आणि न थांबता, त्याच सुरात म्हणायची, "आणि प्रभू, माझ्या झोपाळू बहिणीला जागं राहायची कृपा दे, आमेन." दोघी हसत सुटायच्या. मुंगीला तेव्हा वाटायचं, देव त्या टेबलाच्या रिकाम्या खुर्चीत बसलेला आहे आणि तोही हसतोय. असं पुन्हा तिला कधी वाटलं नाही.

आई गेली. सगळी मंडळी, म्हणजे चर्चमधले सगळे लोक, सात महिने तिच्यासाठी उपास-प्रार्थना करत होती, तरी गेली.

त्यानंतर वर्षभराने, एका दुपारी, दोघी गच्चीवर वाळलेल्या चादरींच्या घड्या करत होत्या. एका चादरीची दोन टोकं ताईच्या हातात, दोन मुंगीच्या. चादर ताणून धरलेली असतानाच ताई म्हणाली, "मुंगे, एक सांगू? मी उपासनेत नुसते ओठ हलवते."

"म्हणजे?"

"म्हणजे तिकडे कुणी ऐकतंय असं मला वाटत नाही. वर्ष झालं. मी खूप प्रयत्न केला." ताईने आपली टोकं आणून मुंगीच्या हातात दिली. "कुणाला बोलू नकोस. बाबांना मीच सांगेन. ते जरा सावरले की. माझ्या तोंडाने सांगेन."

मुंगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिचा जीव टांगणीला लागला. ताई हरवली तर? शनिवारी दुपारी मंडळीच्या तरुणींच्या संघात प्रार्थनेच्या विनंत्या विचारल्या गेल्या तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या ताईसाठी प्रार्थना करा. तिचा विश्वास उडालाय." सांगताना ती रडली. सात मुली आणि संघाच्या बाई, सगळ्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिला इतकं हलकं वाटलं की घरी जाताना ती गाणं गुणगुणत गेली.

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर दारातच एका काकूंनी ताईचा हात दोन्ही हातांत घेतला आणि गहिवरून म्हणाल्या, "बाळा, आम्ही सगळे तुझ्यासाठी गुडघ्यांवर आहोत."

ताईचा चेहरा पांढरा पडला. तिने मान वळवून मुंगीकडे पाहिलं. फक्त पाहिलं. बाबा तेव्हा मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एक होते. त्यांना ही गोष्ट पंचांच्या सभेत, चहा पिता पिता, दुसऱ्याच कुणाकडून कळली. ते घरी आले आणि अंगातला कोट न काढता तसेच खुर्चीत बसून राहिले. त्या घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. पंधरा दिवसांत ताईने तीन तासांच्या अंतरावरच्या शहरात, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली आणि दोन पेट्या घेऊन निघून गेली. बाबांनी पंचाचं काम सोडलं. उपासनेला मात्र ते जात राहिले, मागच्या बाकावर बसून.

पाच वर्षं झाली. ताई दर आठवड्याला बाबांना फोन करायची. मुंगीशी बोलायची नाही. मुंगीने पहिल्या वर्षी चार पत्रं लिहिली. लांबच लांब, आपण असं का केलं ते समजावणारी. एकाचंही उत्तर आलं नाही. "मुंगी बरी आहे ना, विचारत होती," एवढंच बाबा फोन ठेवल्यावर सांगायचे, आणि त्या सहा शब्दांवर मुंगी आठवडा काढायची.

दिवसभर ती चांगली वागायची. म्हाताऱ्या शेजारणीच्या बादल्या वर नेऊन द्यायची, कामावर कधी खोटं बोलायची नाही, संघात गाणी सांगायची, लहानांच्या वर्गाला मदत करायची. मुंगीसारखी मुलगी शोधून सापडायची नाही, असं लोक म्हणायचे. ते ऐकलं की तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. बाजारात ताईसारखी पाठमोरी मान दिसली की ती दोन दुकानं मागे मागे जायची, आणि ती बाई वळली की उगाच एखाद्या वस्तूचा भाव विचारून परत फिरायची.

त्या वर्षी मंडळीत एक नवी शिक्षिका आली. शाळेत बदलून आलेली, तिशीच्या आतली, मोकळं हसणारी. तीन महिन्यांत ती रविवारच्या वर्गातल्या मुलांची लाडकी झाली. एका मंगळवारी कार्यशाळेचं दार उघडलं आणि ती आत आली. मुंगी पुढच्या खोलीत आरसा पुसत होती. दोघींनी एकमेकींना ओळखलं. शिक्षिकेचा हात दाराच्या मुठीवरच राहिला.

"तू... इथे असतेस?"

"हो. बसा ना."

शिक्षिका बसली नाही. "माझा डावा डोळा," ती हळू आवाजात म्हणाली, "दहा वर्षांची असताना गवत कापायच्या यंत्रातून दगड उडाला होता. आताचा डोळा सैल झालाय, सारखं पाणी येतं." मग एकदम, "इथे मंडळीत कुणाला माहीत नाही."

"इथलं इथेच राहतं," मुंगी म्हणाली. हे काका सगळ्यांना सांगायचे. पण तिने म्हटलं तेव्हा तिला आपलाच आवाज परका वाटला.

काकांनी खोबणीचा ठसा घेतला, मेणाचा नमुना केला. पुढच्या दोन खेपांना बुबुळ रंगवायचं काम मुंगीकडे आलं. शिक्षिका खिडकीशी बसायची आणि मुंगी तिच्या उजव्या डोळ्यात बघत तपकिरीवर हिरवट छटा चढवायची. तेवढा वेळ दोघींना बोलण्यावाचून गत्यंतर नसायचं.

"आधीच्या शाळेत सगळ्यांना माहीत होतं," शिक्षिका म्हणाली. "मुलांचं काही नाही गं, मुलं दोन दिवस चिडवतात आणि विसरतात. आयांचं कठीण. त्या माझ्याशी बोलताना मान वाकडी करायच्या. अशी." तिने करून दाखवली, मुंगीला हसू आलं. "इथे आधी मला नुसती शिक्षिका व्हायचंय. सांगेन, पण माझ्या वेळेला. माझ्या तोंडाने."

मुंगीच्या हातातला कुंचला थांबला.

"काय झालं?"

"काही नाही. हललात तुम्ही."

"मी नाही हलले," शिक्षिका म्हणाली. पण तिने पुढे विचारलं नाही.

डोळा तयार झाला, बसवला. आरशात बघून शिक्षिकेने आधी एक, मग दुसरी भुवई उडवली आणि काकांना म्हणाली, "आता मीपण धूळ फेकायला मोकळी." काका इतके खूष झाले की त्यांनी तो विनोद पुढे स्वतःच्या नावावर खपवला.

त्याच आठवड्यात शनिवारी संघ जमला. संघाच्या बाई पन्नाशीच्या होत्या. कुणाचं बाळंतपण असो, कुणाचं आजारपण, सर्वांत आधी डबा घेऊन पोचणार त्याच. मनात काही नसायचं त्यांच्या, पण पोटातही काही राहायचं नाही. त्या दिवशी शिक्षिका शाळेच्या कामामुळे आली नव्हती. गाणं झालं, वाचन झालं, विनंत्यांची वेळ आली. बाईंनी विणकामाची सुई खाली ठेवली.

"आपल्या शिक्षिकेबद्दल मला जरा काळजी वाटतेय," त्या म्हणाल्या. "मी तिला मंगळवारी मुंगीच्या दुकानातून बाहेर पडताना पाहिलं. मागेही एकदा पाहिलं होतं. मुंगे, काय झालंय गं तिला?"

सगळ्या मुंगीकडे बघायला लागल्या.

"मला सांगता येणार नाही, बाई."

"अगं, मी काय बातमीदार आहे? प्रार्थनेसाठी विचारतेय."

"प्रार्थना करू या ना. नाव न घेता करू या. त्याला माहीत आहे कोण ते."

"असं मोघम कसं मागायचं? ओझं वाटून घ्यावं, असं शास्त्रात वचनच आहे." बाईंचा आवाज प्रेमळ होता आणि नेमका तोच मुंगीला सहन होईना. पाच वर्षांपूर्वी याच खोलीत, याच आवाजाने तिच्या पाठीवर हात ठेवला होता.

ती उभी राहिली. का उभी राहिली हे तिला कळलं नाही. बसून बोलता आलं नसतं.

"माझ्या ताईने मला एक गोष्ट सांगितली होती," ती म्हणाली. "कुणाला सांगू नकोस म्हणाली होती. मी इथे येऊन सांगितली. प्रार्थनेची विनंती म्हणून. तुमच्यातल्या काहीजणी होतात तेव्हा. मला वाटलं, मी तिच्यासाठी करतेय. पण मला भीती वाटत होती आणि ती भीती मला एकटीला सांभाळायची नव्हती, म्हणून मी तिची गोष्ट दिली. ती माझी नव्हतीच द्यायला. ती घर सोडून गेली ती विश्वास उडाला म्हणून नाही गेली. माझ्यामुळे गेली."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"म्हणजे," बाई म्हणाल्या, त्यांचे कान लाल झाले होते, "आम्ही इथे बसून चहाड्या करतो म्हणतेस?"

"मी केली म्हणतेय, बाई."

पुढची प्रार्थना बाईंनी दोन वाक्यांत आटोपली. पुढच्या शनिवारी गाणी सांगायला दुसऱ्या मुलीला बसवलेलं होतं. मुंगीला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पाच वर्षं तिचं तेवढंच एक हक्काचं ठिकाण होतं. बाई महिनाभर तिच्याशी कामापुरतं बोलल्या. शिक्षिकेला कुणी काही विचारलं नाही.

पण संघात बोलली त्या शनिवारी घरी परतताना मुंगीच्या घशातला काटा जरा हलला होता. बाबा स्वयंपाकघरात बूट पॉलिश करत होते. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी ते बूट आठवड्याला चमकवायचेच. ती समोरच्या खुर्चीत बसली.

"बाबा, ताईचं मंडळीत मी सांगितलं होतं."

बाबांनी ब्रश थांबवला नाही. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. दुसरं कोण सांगणार?"

"मग बोलला का नाहीत मला?"

बाबांनी बूट वर धरून टाचेकडे पाहिलं. "एक पोरगी घरातून गेली होती. दुसरीलाही घालवू?" मग दुसरा बूट उचलत, "आणि मीही शहाणा नव्हतो. त्या दिवशी घरी आल्यावर मी तिला काही विचारायला हवं होतं. मी नुसता बसून राहिलो. तिला वाटलं, बापाने तोंड फिरवलं. मला नुसतं सुचत नव्हतं गं."

मुंगीने आयुष्यात पहिल्यांदा बाबांना असं बोलताना ऐकलं. ती टेबलावर डोकं ठेवून रडली. बाबांचे हात काळ्या पॉलिशने भरलेले होते, म्हणून त्यांनी कोपराने तिच्या डोक्याला हलकेच ढकललं.

"मला तिच्याकडे जायचंय," ती म्हणाली.

"पत्ता आहे माझ्याकडे. पण तिला विचारल्याशिवाय नाही देणार."

"नका देऊ. विचारा."

बाबांनी विचारलं. तीन आठवडे ताई त्यावर काहीच बोलली नाही. चौथ्या आठवड्यात बाबा फोन ठेवून म्हणाले, "शनिवारी ये म्हणते. दुपारी. संध्याकाळच्या बसने परत."

मुंगीने रिकाम्या हाताने जायचं ठरवलं. आधी तिने आईची शाल काढली होती, मग परत ठेवली. शाल बघून ताई रडली असती आणि मग माफ करणं तिला भाग पडलं असतं. तसं तिला नको होतं.

ताईची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. दार उघडलं. ताईच्या केसांत कानाजवळ चार पांढरे केस आले होते. चष्मा नवा होता. "ये," ती म्हणाली आणि बाजूला झाली. खोलीत एक पलंग, खिडकीत दोन कुंड्या, एका भिंतीला चौकोनी टेबल आणि दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवरचे कागद ताईने उचलून पलंगावर ठेवले.

मुंगी बसली नाही. बसमध्ये तीन तास तिने वाक्यं जुळवली होती, ती सगळी पार उडून गेली.

"तू सांगू नकोस म्हणाली होतीस आणि मी सांगितलं," ती म्हणाली. "माझं चुकलं. पत्रांत मी खूप कारणं दिली होती. कारण काही नाही. मला क्षमा कर. आत्ता नको करूस, पण कर."

ताईने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पत्रं मी वाचली," ती म्हणाली. "सगळ्यांत एकच होतं, तुला किती वाईट वाटतंय. मला काय वाटलं असेल, हे एकातही नव्हतं." ती खिडकीशी गेली. "मला ते बाबांना सांगायचं होतं गं. मी ठरवलं होतं, कुठे बसवायचं त्यांना, काय बोलायचं. मला वाटायचं, मी नीट सांगितलं तर ते नीट ऐकतील. ते एकदाच सांगता येण्यासारखं होतं. ते तू घेतलंस. मग मी त्या घरात काय राहिले? प्रार्थनेचा विषय. लोक माझ्याशी नाही, माझ्या विषयाशी बोलायचे."

"हो," मुंगी म्हणाली.

"आणि तुम्हा सगळ्यांना वाटतं मी सुटले. सुटका झाल्यासारखं वाटेल म्हणून मीही वाट पाहिली." ताईचा आवाज खाली आला. "मला त्याची आठवण येते, मुंगे. नसलेल्याची आठवण येते. प्रयोगशाळेत बाटली नळाखाली धरली की भरेपर्यंत माझे ओठ हलायला लागतात. मग माझ्या लक्षात येतं आणि मी थांबते. आई गेल्यासारखंच आहे ते. आईलाही मी अजून मनातल्या मनात हाक मारते, पण आई येत नाही."

मुंगीच्या ओठांवर उत्तरं आली. लहानपणापासून पाठ असलेली, चांगली, खरी उत्तरं. तिने एकही बाहेर येऊ दिलं नाही. ती ताईशेजारी खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली रस्त्यावर एक बाई दोन गाद्या हातगाडीवर बांधत होती आणि त्या सारख्या घसरत होत्या. दोघी बराच वेळ ते बघत राहिल्या.

"मला एक वचन दे," ताई म्हणाली. "माझ्या नावाने प्रार्थना करणार नाहीस."

मुंगीने खिडकीची कड धरली. हो म्हणणं सोपं होतं. ताई तिच्याजवळ उभी होती, इतक्या वर्षांनी, आणि फक्त एक हो हवा होता.

"लोकांपुढे कधीच घेणार नाही तुझं नाव," ती म्हणाली. "हे वचन देते. पण एकटी असताना नाही देऊ शकत, ताई. तिथे मी काही ठरवून बोलत नाही. त्याच्यापुढे गेले की तूच येतेस तोंडात. पाच वर्षं तर धड तेही जमत नाहीये. नुसतं ताई म्हणते आणि गप्प बसते. तेवढंपण नको म्हणालीस तर मी जाणारच नाही त्याच्याकडे, आणि ते मला जमायचं नाही."

ताई तिच्याकडे वळली.

"नुसतं ताई म्हणतेस?"

"हो."

"पुढे काही नाही? तिला परत आण, तिला सुबुद्धी दे?"

"नाही. पुढचं येतच नाही."

ताईच्या तोंडाचा एक कोपरा हलला. हसणं म्हणता आलं नसतं त्याला. "एवढं चालेल," ती म्हणाली, आणि जेवायचं वाढायला गेली.

भाजी होती, पाव होता, उकडलेली अंडी होती. दोघी टेबलाशी समोरासमोर बसल्या. मुंगी पाव उचलणार आणि थांबली. खायच्या आधी आभार मानायची सवय हाडामांसात भिनलेली. पण हे घर ताईचं होतं. तिचे हात मांडीवर घुटमळले. ताईने ते पाहिलं.

"कर ना," ती म्हणाली. "मी थांबते."

मुंगीने डोळे मिटले. ताई हातात चमचा धरून थांबून राहिली. ती डोळे उघडे ठेवून बसली असणार, मुंगीला ते बंद पापण्यांतून कळत होतं. त्या अर्ध्या मिनिटात मुंगीने काय म्हटलं ते तिचं तिलाही नंतर आठवलं नाही. तिला एवढंच आठवलं, की समोर कुणीतरी तिच्यासाठी थांबलं होतं.

मग त्या बाबांच्या गुडघ्यांबद्दल बोलल्या. पाण्यात काय काय सापडतं त्याबद्दल बोलल्या. मुंगीने काकांच्या विनोदाची गोष्ट सांगितली, शिक्षिकेची नाही. बसथांब्यावर ताई सोडायला आली. बस उशिरा आली. ताईने तिला जवळ घेतलं नाही, तिच्या कोटाची वर आलेली कॉलर तेवढी दुमडून नीट केली आणि म्हणाली, "मला वेळ लागेल. किती, ते विचारू नकोस."

"नाही विचारणार," मुंगी म्हणाली.

शिक्षिकेने पुढे दोन महिन्यांनी मुलांना स्वतःच सांगितलं आपल्या डोळ्याचं. मुलांनी तो काढून दाखवा म्हणून हट्ट धरला, एवढंच झालं. संघाच्या बाई, आपल्याला अगोदर कळलं नाही म्हणून, आधी सगळ्यांवर रुसल्या, मग एका शनिवारी मुंगीजवळ येऊन पुटपुटल्या, "माझी एक विनंती आहे, नाव न घेता," आणि डोळे भरून आले त्यांचे. मुंगीने काही विचारलं नाही. दोघी शेजारी बसून राहिल्या.

ताई घरी आली ती पुढल्या वर्षी, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर. चार दिवसांची रजा काढून आली. आल्या दिवशी ती आणि बाबा दार लोटून दीड तास आतल्या खोलीत बसले होते. काय बोलले ते मुंगीने विचारलं नाही आणि तिला कुणी सांगितलं नाही. बाहेर आल्यावर बाबांनी दोन वेळा चहा मागून घेतला.

चौथ्या दिवशी रविवार होता. बाबा काठी घेऊन तयार झाले. मुंगीने केस विंचरले, गीतांचं पुस्तक घेतलं. ताई पलंगावर उशीला टेकून वर्तमानपत्र वाचत होती. मुंगी दारात थांबली. येतेस का, हे दोन शब्द जिभेच्या टोकावर होते. इतक्या वर्षांत तिने एवढी कशाचीच इच्छा धरली नव्हती.

"जा की," ताई वर्तमानपत्रातून वर न बघता म्हणाली. "उशीर होईल बाबांना चालायला."

"येतो आम्ही," मुंगी म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

उपासनेत पाळक काय बोलले याकडे तिचं अर्धंही लक्ष नव्हतं. गाणं सुरू झालं तेव्हा शेजारी बाबांचा जाडाभरडा आवाज होता, त्यापलीकडे बाकावर रिकामी जागा होती, आणि तिथे तिने पुस्तकही ठेवलं नाही, हातही ठेवला नाही. ताई, एवढंच ती म्हणाली. घशात काही अडकलं नाही. पुढचे शब्द मात्र आजही आले नाहीत, आणि तिने ते शोधलेही नाहीत.

परत येताना बाबांना तीन ठिकाणी थांबावं लागलं. शेवटच्या चढावर मुंगीची पावलं नकळत भरभर पडायला लागली. ताईची बस दुपारची होती, पण तिचा काय नेम, ती आधीच निघालीही असेल. बाबा मागून म्हणाले, "जा पुढे. मी येतो सावकाश."

ती धावत जिना चढली. ताई होती. खिडकीशी उभी राहून त्यांच्याच वाटेकडे बघत होती, आणि मुंगी आत आल्याबरोबर घाईने वळून टेबल आवरायला लागली.